ही चाचणी कोणती चूक पकडते?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)

आदरणीय बाई, सर, मुख्याध्यापक महोदय आणि १९९५ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

माझी ओळख करून देताना 'दहावीला गणितात १५० पैकी १४७' असं सांगितलं गेलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तीस वर्षांनंतरही टाळ्या मिळवून देणारा हा आकडा आहे, त्याबद्दल शाळेचे आभार. पण आज मला त्याच आकड्याची थोडी झाडाझडती घ्यायची आहे. पहिल्या रांगेत आपल्या गणिताच्या बाई बसल्या आहेत. त्यामुळे शेचाळिसाव्या वर्षीही हाताला घाम सुटलाय. काही चुकलं तर बाई थांबवतीलच.

निमित्त तुम्हाला माहीत आहे. जानेवारीत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं की जमलेल्या निधीतून शाळेला गणिताच्या चाचण्यांचं ॲप करून द्यायचं. टॅब घ्यायचे, मुलांनी दर आठवड्याला वीस प्रश्न सोडवायचे, गुण आपोआप लागायचे आणि शिक्षकांचा तपासण्याचा वेळ वाचायचा. 'तू सॉफ्टवेअरवाली, तूच कर' असं म्हणून काम माझ्याकडे आलं आणि मी हो म्हटलं. त्यानंतर चार महिने कोणी 'झालं का गं?' विचारलं की मी हात जोडल्याचं चित्र टाकून गप्प बसायचे. ॲप अवघड नाही, दोन-तीन रविवारांचं काम आहे. पण ते करायला बसले की एकाच प्रश्नापाशी अडत होते. तो प्रश्न आज तुमच्यासमोर ठेवते, कारण पैसा तुम्हा सगळ्यांचा आहे आणि मुलं आपल्या शाळेची आहेत.

आधी माझ्या १४७ गुणांबद्दल. आपल्या वेळी बीजगणिताचा ७५ गुणांचा आणि भूमितीचा ७५ गुणांचा पेपर असायचा. भूमितीची प्रमेयं मी क्रमांकानिशी पाठ केली होती. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, कुठल्या ओळीनंतर कुठली ओळ आणि कुठल्या ओळीच्या कंसात कुठलं कारण, सगळं. पायथागोरसच्या प्रमेयात काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तो लंब का टाकायचा, हे मात्र कोणी विचारलं नाही आणि मलाही कधी प्रश्न पडला नाही.

नाही, एकदा विचारलं गेलं होतं. पूर्वपरीक्षेत बाईंनी तेच प्रमेय दिलं, पण आकृतीतली अक्षरं बदलली. एबीसीच्या जागी पीक्यूआर घेतलं आणि काटकोनही दुसऱ्याच बाजूला ठेवला. मी शांतपणे माझी पाठ केलेली एबीसीची आकृती काढली आणि सिद्धता उतरवून मोकळी झाले. बाईंनी दोन गुण कापले आणि समासात लाल शाईनं लिहिलं, 'ही तुझी आकृती आहे, माझी कुठे गेली?' मी त्या दोन गुणांसाठी शिक्षकांच्या खोलीबाहेर पाऊण तास उभी राहिले होते. बाई, तुम्हाला आठवत नसेल. मला पूर्वपरीक्षेचे एकूण गुण आज आठवत नाहीत, तो शेरा मात्र अक्षरासकट आठवतो. माझ्या शालेय आयुष्यात माझं गणित कोणी खरोखर तपासलं असेल, तर ते त्या एका ओळीत.

बोर्डाच्या पेपरात अक्षरं बदलली नव्हती. १४७ मिळाले. पुढे इंजिनिअरिंगला पहिल्याच वर्षी एम-वनमध्ये केटी लागली. घरी तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. तिथे पाठ करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि समजून घ्यायची सवय मला लागलेली नव्हती. माझं गणित कच्चं होतं, हे मला अठराव्या वर्षी कळलं. ते पंधराव्या वर्षी कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे. चाचणीचं ते काम असतं.

आता दुसरी गोष्ट. ती ज्याची आहे तो मागच्या ओळीत बसलाय. त्याची परवानगी घेतली आहे. नाव सांगायचं नाही ही त्याची अट, पण तुम्ही ओळखालच. शाळेतही तो मागेच बसायचा. मार्चमध्ये त्याचं गणित आणि इंग्रजी राहिलं. ऑक्टोबरला बसला, इंग्रजी निघालं, गणित पुन्हा राहिलं. मग त्यानं शाळा सोडली, आधी गवंड्याच्या हाताखाली गेला, आज त्याची स्वतःची बांधकामाची मंडळी आहेत. दोन वर्षांपूर्वी आईबाबांच्या घराला एक खोली वाढवायची होती, ते काम त्यानं केलं.

पाया आखायच्या दिवशी मी तिथे होते. त्यानं दोन दोऱ्या ताणल्या. कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर. मग दोन खुणांमध्ये टेप लावली आणि बरोबर पाच फूट भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवत राहिला. 'आली गुण्यात,' म्हणाला. मोठी खोली असेल तर सहा-आठ-दहा घ्यायचं, म्हणजे चूक कमी राहते, हेही सांगितलं. मी म्हटलं, 'अरे, हा तर पायथागोरस!' तो म्हणाला, 'असेल. पण मला सांग, हे पाचच का येतं?'

मी सुरू केलं, 'काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा...' त्यानं थांबवलं. 'हे तू शाळेतही म्हणायचीस. का येतं ते सांग.'

मला सांगता येईना. लंब टाकते, समरूप त्रिकोण म्हणते, प्रमाणं मांडते, आणि तो मान हलवतो, पण त्याला पटत नाहीये हे मला दिसतंय. शेवटी रात्री बसून विचार केला. दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, प्लायवूडचे चार त्रिकोण काप, काटकोनाच्या बाजू तीन आणि चार इंच. आणि सात इंच बाजूचा एक चौरस आखून दे. त्या चौरसाच्या चार कोपऱ्यांत आम्ही ते चार त्रिकोण बसवले, प्रत्येक बाजूवर एकाचे तीन आणि दुसऱ्याचे चार इंच येतील असे. मध्ये एक तिरका चौरस मोकळा राहिला. सात साते एकोणपन्नास. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ सहा, चारांचं चोवीस. एकोणपन्नासातून चोवीस गेले, उरले पंचवीस. तो लगेच म्हणाला, 'म्हणजे मधला तुकडा पाच बाय पाच. आणि त्याची बाजू म्हणजेच ही तिरकी बाजू.'

मग जरा थांबून त्यानं जे म्हटलं ते मी विसरणार नाही. 'पण मी तर उलटं करतो. मी पाच भरतो आणि काटकोन आला असं धरतो. तेही बरोबरच म्हणायचं. कारण तीन आणि चार तेच ठेवून कोन फाकवला तर पाचाचे जास्त होणार, मिटवला तर कमी. पाच भरलं म्हणजे काटकोनच.'

बाई, हा पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास आहे, आणि त्याचं कारणही त्यानं दिलं. गणितात दोनदा नापास झालेल्या माणसानं, उभ्या उभ्या.

मी ही गोष्ट 'शाळेतले हुशार ते खोटे आणि मागच्या बाकावरचे खरे' असं सांगण्यासाठी सांगत नाही. तसं बोललं की टाळ्या पडतात, पण ते खरं नाही. बीजगणित त्याला आजही येत नाही, अपूर्णांकांच्या गुणाकाराशी तो अजून झगडतो. त्याच्याकडे वापर होता, कारण नव्हतं. माझ्याकडे सिद्धतेचे शब्द होते, वापरही नव्हता आणि कारणही नव्हतं. परीक्षेनं त्या सगळ्यातलं एकच मोजलं, शब्द. मला 'हुशार' म्हटलं, त्याला 'नापास' म्हटलं आणि आम्ही दोघांनी ते तीस वर्षं खरं मानलं.

आता माझ्या धंद्यातलं थोडं सांगते. आमच्याकडे प्रोग्राम लिहिला की त्याला टेस्ट लावतात. नवीन मुलं शंभर टेस्ट लिहितात, शंभरच्या शंभर पास होतात आणि ती खूश होतात. मी विचारते, 'यातली प्रत्येक टेस्ट कोणती चूक पकडते?' प्रोग्राम चुकीचा असतानाही जी टेस्ट पास होते, ती फक्त समाधान देते. ॲपपाशी मी अडत होते तो प्रश्न हाच.

एक उदाहरण घ्या. ५८ वजा २३. उत्तर ३५. मुलाला हातच्याची वजाबाकी येते का, हे यातून कळत नाही. आता ५२ वजा ३८ द्या. अनेक मुलं २६ लिहितात. का? तर प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, असा त्यांचा नियम आहे. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. हा निष्काळजीपणा नव्हे. नियम चुकीचा आहे, पण मूल तो इमानेइतबारे पाळतं. ५८ वजा २३ ला तोच नियम बरोबर उत्तर देतो आणि आपण बरोबरची खूण करून पुढे जातो. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या अशा नियमबद्ध चुका शोधणारा संगणक प्रोग्राम केला. त्याचं नाव 'बगी'. प्रोग्राममधल्या चुकीला आम्ही 'बग' म्हणतो, तोच शब्द त्यांनी मुलांच्या चुकांना लावला. मला तो आवडतो, कारण बग निघाला म्हणून कोणी प्रोग्रामला 'ढ' म्हणत नाही. तो कुठे आहे ते शोधतात आणि काढतात.

त्याच्याही आधीची, १९७३ मधली एक नोंद आहे. स्टॅन्ली अर्लवँगर या संशोधकानं बेनी नावाच्या सहावीतल्या मुलाशी केलेल्या गप्पांची. बेनीच्या वर्गात प्रत्येकानं आपापल्या गतीनं पुस्तिका सोडवायची, उत्तरं उत्तरसूचीशी ताडायची आणि ऐंशी टक्के आले की पुढच्या टप्प्यावर जायचं, अशी पद्धत होती. आपल्या ॲपची कल्पना हुबेहूब तीच आहे, फक्त कागदावर. बेनी भराभर पुढे जात होता, बाईंच्या मते वर्गातल्या चांगल्या मुलांपैकी होता. अर्लवँगर त्याच्याशेजारी बसून बोलू लागले तेव्हा कळलं की तो दोन-दशांशाचं दशांश रूप १.२ लिहितो आणि पाच-दशांशाचं १.५. अंश आणि छेद यांची बेरीज करायची आणि मध्ये टिंब द्यायचं, हा त्याचा नियम. चारशे छेद चारशे म्हणजे ८.००. गणित म्हणजे कोणीतरी ठरवून ठेवलेले शेकडो नियम आणि आपण फक्त सूचीतलं उत्तर कोणत्या रूपात हवंय ते ओळखायचं, असं त्या मुलाला वाटत होतं. इतक्या चाचण्यांतून हे कोणाला दिसलं नाही. एका माणसानं शेजारी बसून 'हे कसं केलंस?' विचारलं तेव्हा दिसलं.

आपल्या शाळेत काय आहे, हे बघायला फेब्रुवारीत मी चार शनिवार आठवीच्या वर्गात बसले. मुख्याध्यापकांनी आणि वर्गशिक्षकांनी मोकळेपणानं बसू दिलं, त्यांचे आभार. मी मुलांना दशांश संख्यांच्या जोड्या दिल्या आणि मोठी कोणती ते विचारलं. ०.७५ आणि ०.५, जवळजवळ सगळ्यांनी ०.७५ सांगितलं. मला वाटलं, छान, येतंय. मग ०.३५ आणि ०.८ दिली. एक मुलगी म्हणाली, '०.३५ मोठी. पॉइंट पस्तीस आणि पॉइंट आठ, पस्तीस मोठे.' म्हणजे पहिल्या जोडीचं उत्तरही तिनं याच नियमानं दिलं होतं. पंचाहत्तर मोठे, पाच लहान.

तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, '०.८ मोठी.' बरोबर. मी विचारलं, का? तो म्हणाला, 'ते दशांश आहेत, हे शतांश. शतांश लहान असतात.' ऐकायला किती शास्त्रशुद्ध! मग मी ०.३ आणि ०.४५ दिली. तो ठामपणे म्हणाला, '०.३ मोठी, ते दशांश आहेत.' त्याचा नियम होता, टिंबानंतर अंक कमी ती संख्या मोठी. पहिलीच्या नेमका उलटा. कागदावर त्याला त्या एका प्रश्नाचा पूर्ण गुण मिळाला असता.

तिसऱ्याचं कारण तर अस्सल आपल्याकडचं. ४.५ म्हणजे किती, असं विचारल्यावर तो म्हणाला, 'चार ओव्हर पाच बॉल.' साडेचार षटकं तो ४.३ लिहितो, आणि क्रिकेटमध्ये ते बरोबरच आहे! टिंबानंतर सहा चेंडूंचा हिशेब आणि टिंबानंतर दहा भागांचा हिशेब त्याच्या डोक्यात एकत्र झाले होते. कुठल्या ॲपला हे सापडेल? मला सापडलं, कारण मी त्याच्या शेजारी बसले होते आणि मला घाई नव्हती.

आता पद्धत निवडण्याबद्दल. आपण आधी विचारतो, चाचणी कशी घ्यायची? लेखी, तोंडी, पर्यायी, टॅबवर की कागदावर? त्याआधी विचारायला हवं की मला काय जाणून घ्यायचंय आणि ते कळल्यावर मी काय करणार आहे. पाढे आणि तोंडहिशेब पक्के झालेत का, हे पाहायचं तर पाच मिनिटांत दहा गणितांची चिठ्ठी पुरते. संकल्पना कळली का, हे पाहायचं तर 'का?' विचारावं लागतं आणि उत्तर ऐकावं लागतं. तर्क करता येतो का, हे पाहायचं तर सोडवलेलं पण चुकलेलं गणित द्यावं आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते शोधून दुरुस्त करायला सांगावं. साठ मुलांच्या वर्गातही हे जमतं. वापर करता येतो का, हे पाहायचं तर मैदानावर टेप आणि दोरी घेऊन जावं, शाळेच्या पाण्याच्या टाकीत किती लिटर मावतं ते काढायला लावावं. थर्माकोलचा पायथागोरस घरून करून आणायला सांगितला तर आपण आईबाबांचं मूल्यमापन करतो, किंवा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याचं. हसू नका, मी स्वतः मुलासाठी असा एक केलाय, आणि मला 'अ' श्रेणी मिळाली आहे.

उद्देशाला पद्धत कशी जुळवावी याचा आपल्याच देशातला एक चांगला नमुना आहे. प्रथम संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून होणारं 'असर' सर्वेक्षण. त्यात स्वयंसेवक गावात घरी जातात आणि एकेका मुलाला समोर बसवून विचारतात. एक ते नऊ अंक ओळखता येतात का, अकरा ते नव्व्याण्णव येतात का, हातच्याची वजाबाकी येते का, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येतं का. बस एवढंच. कागद वाटून लेखी परीक्षा घेतली असती तर ज्या मुलाला प्रश्नच वाचता येत नाही त्याचं गणित कळलंच नसतं. आणि फक्त शाळेत जाऊन घेतली असती तर त्या दिवशी न आलेलं मूल सुटलं असतं. प्रश्न साधा, म्हणून साधन साधं, पण नेमकं.

इथे बसलेले शिक्षक मनात म्हणत असतील, बाई, हे आम्हाला माहीत आहे. खरं आहे. २०१० पासून आपल्या राज्यात पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाची आठ तंत्रं त्यात दिली आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. मी आत्ता जे बोलले ते सगळं त्यात आहे. आजच्या दहावीतही बीजगणिताला ४०, भूमितीला ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण आहेत. कल्पना कमी नाहीत, वेळ कमी आहे. वर्गात पन्नास मुलं असतील आणि प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलायचं म्हटलं तर अडीचशे मिनिटं, म्हणजे चार तासांहून जास्त लागतात. ते एका शिक्षकानं कधी करायचं? मग नोंदी करण्यापुरत्या नोंदी होतात आणि त्यात दोष शिक्षकांचा नसतो.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. परीक्षा बंद करा, असं मी मुळीच म्हणत नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, आसनक्रमांक असतो. तपासणाऱ्याला माझं आडनाव माहीत नव्हतं, माझे वडील कोण हे माहीत नव्हतं, मी मुलगी आहे हेही माहीत नव्हतं. त्या अनोळखी माणसानं दिलेल्या गुणांवर मी या गावातून बाहेर पडले, शहरातल्या कॉलेजात गेले, माझ्या पायावर उभी राहिले. तोंडी परीक्षेत आणि अंतर्गत गुणांत ओळखदेख, आवडनिवड शिरू शकते. जिथे प्रवेश आणि नोकऱ्या ठरतात तिथे सगळ्यांना एकच पेपर आणि अनोळखी परीक्षक, हे न्यायाचं आहे. मात्र त्या पेपरानं मूल निवडता येतं, मुलाला शिकवता येत नाही. मार्चमध्ये लिहिलेला पेपर काही महिन्यांनी सांगतो की तू नापास. कुठे अडलास ते सांगत नाही, आणि तोवर वर्ग सुटलेला असतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. टॅब आत्ता घेऊ नयेत. ॲप मी करीन, पण गुण देणारं नाही. बाई-सरांबरोबर बसून आपण आधी प्रश्न तयार करू. प्रत्येक प्रश्नाचा प्रत्येक चुकीचा पर्याय कोणत्या चुकीच्या नियमातून येतो, हे आपल्याला आधीच माहीत असेल असे प्रश्न. ५२ वजा ३८ ला २६ हा पर्याय असलाच पाहिजे. ते कागदावरही चालतील. ॲपनं शिक्षकांना एवढंच सांगायचं की या मुलांकडे हा बग दिसतोय, यांच्याशी आधी बोला.

दुसरं म्हणजे, बोलायला माणसं आपण देऊ. पन्नास मुलं, पाच मिनिटं, आपण सहा जण बसलो तर प्रत्येकाच्या वाट्याला बेचाळीस मिनिटं येतात. एका तासिकेपेक्षा थोडं जास्त. महिन्यातून एक शनिवार. जे पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहेत त्यांनी व्हिडिओ कॉलवर बसावं. काम एकच, 'हे कसं केलंस ते मला सांग' असं विचारायचं आणि ऐकायचं. शिकवायचं नाही, रागवायचं नाही, 'सोपं तर आहे' असं म्हणायचं नाही. शेवटी वर्गशिक्षकांसाठी एक ओळ लिहायची. गुण लिहायचे नाहीत. यालाही आधार आहे. १९८८ मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं. शेऱ्याबरोबर गुण दिले की शेऱ्याचा फायदा दिसेनासा झाला. मला याचं नवल वाटलं नाही. दोन गुणांसाठी पाऊण तास उभी राहिलेली मुलगी मला चांगली ठाऊक आहे. तेव्हा तिनं शेरा वाचलाच नव्हता.

हा प्रस्ताव फसू शकतो. दोन शनिवार उत्साहानं येऊ आणि तिसऱ्याला कोणाच्या घरी लग्न निघेल. म्हणून निधी आज खर्च करू नका. दिवाळीपर्यंत चालवू. पाच शनिवार खरोखर भरले तर पुढचं ठरवू, नाही भरले तर ग्रंथालयाला पैसे देऊ.

दाराशी टेबलावर एक शंभर पानी वही ठेवली आहे. सकाळी मी ती आपल्या मागच्या बाकावरच्या मित्रापुढे धरली तेव्हा तो म्हणाला, 'मी नापास माणूस, मी कोणाचं गणित तपासू?' मी म्हटलं, तुला तपासायचं नाहीये. तीन-चार-पाचची दोरी घेऊन मैदानावर उभं राहायचं आणि मुलांनी काटकोन आखला की मला जे विचारलंस तेच त्यांना विचारायचं, पाचच का येतं? त्यानं थोडा विचार केला आणि सही केली. वहीतलं पहिलं नाव त्याचं आहे.

दुसरं माझं. उरलेल्या पानांचं तुम्ही बघा. आणि बाई, जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी तुम्ही यायला हवं. प्रश्न तुम्ही काढा. अक्षरं बदलून.